स्टेशन आधी, गाडी मागाहून

साल 1965. टेबलावर 'मार्ग' नियतकालिक उघडं आहे आणि तुम्ही त्यातला नकाशा न्याहाळताय. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांचं म्हणणं सरळ आहे : मुंबई उत्तरेकडे ताणत नेऊ नका, खाडी ओलांडा.

तुम्ही ओलांडता, 1973 मध्ये, नव्याकोऱ्या पुलावरून. खाली चिखल, तिवरं, मिठागरं. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन होऊन तीनच वर्षं झालीत आणि 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आहेत. आराखड्यात मात्र सगळं जागच्या जागी : एक रेल्वेमार्ग, त्यावर माळेतल्या मण्यांसारखी उपनगरं, प्रत्येकाच्या मध्यभागी स्टेशन. कचेऱ्या स्टेशनाला लागून, घरं पायी जाता येतील इतक्या अंतरावर. मुद्दा बिनतोड आहे. फक्त रूळ नाहीत.

आता 1982. खाडीपलीकडच्या वाशीतल्या, सिडकोच्या जेएन टाइपच्या इमारतीतून सकाळी तुम्ही डबा घेऊन निघता. बसच्या रांगेतला शेजारी म्हणतो, "रेल्वे येतेय हो, दोन-तीन वर्षांत." तुम्हाला खरी तारीख माहीत आहे. सांगून त्याचा दिवस कशाला खराब करायचा? मंत्रालय इकडे हलेल अशीही आशा होती. इकडे आलं ते बेलापूरचं कोकण भवन. नरिमन पॉइंटला मात्र समुद्र बुजवून टॉवर उभे राहिले. पुलापलीकडे शहर वसवायचं म्हणणारं सरकार स्वतः पूल ओलांडायला राजी नव्हतं, हे मला सगळ्यात बोचतं.

जानेवारी 1984. जासईजवळ तुम्ही फार वेळ थांबू शकत नाही. गोळीबार सुरू आहे. संपादित जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरलेत, पाच जण मरतील. पुढे विकसित भूखंडांतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना येईल. आराखड्यातली मोकळी जागा कुणाची तरी खाचरं होती.

9 मे 1992. मानखुर्दहून लोकल वाशीत शिरते. रेल्वेच्या खर्चाचा दोन तृतीयांश भाग सिडकोने उचललाय. जमीन विकून आलेल्या पैशातून रूळ, आणि रुळांमुळे जमिनीला भाव, असं हे गणित. गणित जमलं, पण वीसेक वर्षं उशिरा. दरम्यानच्या काळात शहर बसने, ट्रकने आणि लोकांच्या चिकाटीने चाललं. बसच्या रांगेतला तो शेजारी आता निवृत्तीला आलाय.

8 ऑक्टोबर 2025. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन होतंय. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. मुंबईला जोडणारा अटल सेतू आदल्याच वर्षी खुला झालाय. उलव्यात फ्लॅट घेणाऱ्यांना बिल्डर कैक वर्षं 'विमानतळ हाकेच्या अंतरावर' सांगत होते. हाक एकदाची ऐकू आली.

तिथून पनवेलच्या बाजूला या. हा 'नैना'चा टापू, विमानतळाच्या भोवती 2013 पासून आखला जाणारा. नगररचना योजनेत शेतकऱ्याने जमीन द्यायची आणि चाळीस टक्के विकसित भूखंड परत घ्यायचा. बांधावर बसलेले आजोबा तुमच्याकडे पाहतात. "तुमी पुढचं बघून आलात ना? मंग सांगा, रस्ता अन् पानी कवा येल?"

आतापर्यंत तुम्हाला प्रत्येक तारीख ठाऊक होती. इथून पुढची नाही.