विळ्याच्या आकाराचं दुखणं

मंडळी, पोटदुखीचा कसला आलाय इतिहास, असं वाटेल काहींना. पण आमच्या नागपुरात, आणि एकूणच विदर्भात, एका पोटदुखीला खरोखरच इतिहास आहे. आमच्या घरातल्या काहींनी तो अंगावर काढला आहे, म्हणून लिहितोय.

माझा मावसभाऊ इंदोऱ्यात वाढला. आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून त्याचं पोट दुखायचं. साधं नाही, गडाबडा लोळायचा. "आई, लय दुखून राहिलं" एवढंच म्हणायचा. जंताचं औषध झालं, अंगारा झाला, एका दवाखान्यात अपेंडिक्सही काढून झालं. दुखणं होतं तिथेच. शाळेत गुरुजींना वाटायचं सोंग करतो. पुढे विशीत उजवी जांघ दुखायला लागली, तो लंगडू लागला. हर्निया म्हणाले, वात म्हणाले. १९९३ साली एका तरुण डॉक्टरने पोट आणि जांघ ही दोन दुखणी एकत्र मांडून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. सिकलसेल निघाला.

या आजाराचा पहिला लेख १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी लिहिला. रुग्ण होता ग्रेनडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तातल्या काही तांबड्या पेशी गोल नव्हत्या, विळ्यासारख्या होत्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला. आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख थेट 'लॅन्सेट'मध्ये छापून आला! म्हणजे माझा मावसभाऊ जन्मायच्या कितीतरी आधी उत्तर याच शहरात माहीत होतं. मेडिकलपासून इंदोरा काही फार लांब नाही हो. पण उत्तराला तेवढं अंतर कापायला पस्तीस वर्षं लागली.

दुखतं का, ते नंतर कळलं. ताप आला, थंडी वाजली, पाणी कमी पडलं की या पेशी वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. पोटात अडकल्या की ऑपरेशनची वेळ आली असं वाटावं इतकं दुखतं. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त मिळेनासं झालं की ते हाड हळूहळू मरतं, आणि हे दुखणं बहुतेक वेळा जाणवतं जांघेत. सुरुवातीला एक्सरेही चांगला दिसतो. मग डॉक्टर तरी काय करणार, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणतो, विदर्भात तरी आधी रक्त बघा!

गोंड, माडिया, परधान आणि आमच्या बौद्ध समाजात याचं प्रमाण जास्त. कुणबी-तेली घरांतही सापडतो. कारण मलेरिया. एका पालकाकडूनच दोष आला तर माणूस 'वाहक' होतो, त्याला सहसा त्रास नसतो, उलट बालपणीच्या जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. दोघे पालक वाहक असले तर मात्र प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. हे ऐकल्यावर मावशी आणि मावसाजी बरेच दिवस एकमेकांशी धड बोलले नाहीत.

भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. नागपूर मेडिकलच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन यांच्या कामातून इथल्या मुलांना तो किती छळतो ते पुढे आलं. हायड्रॉक्सियुरियाच्या कमी डोसनेही मुलांची दुखणी घटतात, हा त्यांचा अभ्यास २०१२चा. आणि संपत रामटेके! स्वतःच्या मुलाचा आजार बघून त्यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी उभी केली. २०१६च्या दिव्यांग कायद्यात हा आजार आला, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे.

असो. मी स्वतः वाहक आहे, हे नातेवाइकांना माहीत आहेच. मागच्या वर्षी भाचीच्या स्थळाकडे आम्ही रक्ताचा रिपोर्ट मागितला, तर त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. भाची म्हणाली, "बरं झालं मामा, आत्ताच कळलं." अमरावतीच्या काकांकडे अजून कुणीच तपासलेलं नाही. दिवाळीला सगळे इथे येणार आहेत, तेव्हा एक सकाळ त्यासाठी ठेवली आहे.