कांद्याच्या वाटणावर उभी राहिलेली मासवडी

पुणे-नाशिक रस्त्यानं राजगुरुनगर मागे पडलं, की हॉटेलांच्या पाट्यांवर मासवडी दिसू लागते. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा हा सगळा पट्टा या पदार्थासाठी ओळखला जातो. नवखा माणूस नाव ऐकून बिचकतो, मासे खात नसल्याचं सांगून मोकळा होतो. मासवडीत मासळी आहे ती फक्त आकारापुरती. आत कांदा, सुकं खोबरं, तीळ आणि लसूण, बाहेर बेसनाचं आवरण, सोबत झणझणीत काळपट रस्सा आणि बाजरीची भाकरी. दूध, दही, तूप, लोणी यांतलं काहीच या ताटाला लागत नाही. शहरातल्या मेन्यूकार्डावर हल्ली ‘व्हीगन’ म्हणून जे कौतुकानं मांडलं जातं, ते जुन्नर-आंबेगावच्या घरांत पाहुण्याला मानाचं जेवण म्हणून कितीतरी आधीपासून वाढलं जात आलं आहे.

या जेवणाची सगळी मदार कांद्याच्या वाटणावर. घट्ट ठेवलं तर ते भाकरीला लावायची चटणी होतं, आधण ओतलं तर रस्सा होतो आणि कोरडं परतलं तर मासवडीचं सारण. परदेशातल्या स्वयंपाकात कांद्याचं ‘डिप’ आणि कांद्याचं सूप हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि दोन्हींना दाटपणा व चव येते ती बहुतेकदा दुधातुपातून. इथं तो दाटपणा भाजलेल्या कांद्यातून, खोबऱ्याच्या तेलातून आणि चमचाभर बेसनातून येतो.

तो येतो कसा, हे चुलीपाशी बसल्याशिवाय कळत नाही. कांदे सालीसकट निखाऱ्यांवर ठेवतात. वरची साल जळून काळी होते, पापुद्र्यांतून रस सुटून चरचरायला लागतो आणि उग्र वास हळूहळू गोडसर होत जातो. कांदा कापला की त्याच्या पेशी फुटतात, आतलं विकर मोकळं होतं आणि त्यातून डोळ्यांना झोंबणारं गंधकयुक्त द्रव्य तयार होतं. उष्णता लागली की ते विकर निकामी होतं. मागे राहते ती कांद्यातली साखर, आणि ती तांबूस होताना जी चव येते तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. मग खोबऱ्याची वाटी आचेवर धरायची. तिला तेल सुटून कडा पेटू लागल्या, की फुंकर मारून बाजूला घ्यायची. लसूण, आलं, कोथिंबीर घालून हे सगळं पाट्यावर वाटायचं. वाटण वरवंट्याला चिकटून सरकू लागलं की झालं. पातेल्यात तेल जरा सढळ हातानं टाकून वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, त्यात उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेला घरचा काळा मसाला घालायचा आणि वरून गरम पाणी. गार पाणी ओतलं तर तर्री येत नाही, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारावं.

मासवडीचं काम याहून नाजूक. फोडणीच्या पाण्यात बेसन हळूहळू सोडत, गुठळी न होऊ देता घोटायचं. ते शिजून घट्ट झालं, की ओल्या फडक्यावर गरम असतानाच हातानं पातळ थापायचं. त्यावर परतलेला कांदा, भाजलेले तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबीर आणि मसाला यांचं सारण पसरायचं आणि फडक्याची कड उचलून घडी दाबत न्यायची. बेसन निवलं तर घडीला भेग पडते, फार गरम असलं तर हात पोळतात. मधल्या थोड्या मिनिटांत सगळं उरकावं लागतं, म्हणून एकजण घोटायला आणि एकजण थापायला अशी जोडी लागते. सासू-सून, जावा-जावा. कढईला चिकटलेलं बेसन खरवडून रस्स्यात जातं, आणि त्यानं रस्सा मिळून येतो.

आज या तालुक्यांत कांद्याशिवाय स्वयंपाकाची कल्पना करवत नाही. कांद्याला मात्र हा मान सहजासहजी मिळालेला नाही. मध्य आशियाकडून आलेलं हे पीक भारतात फार जुनं आहे. चरकसंहितेत ‘पलांडू’ म्हणून त्याचे गुण सांगितले आहेत, पण मनुस्मृतीनं द्विजांना ते वर्ज्य ठरवलं. सातव्या शतकात भारतभर फिरलेल्या चिनी प्रवासी ह्युएनत्संगानं लिहून ठेवलं आहे, की इथं कांदा-लसूण खाणारे थोडे आणि जे खातात त्यांना गावाबाहेर राहावं लागतं. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरीच्या कातळात, बौद्ध भिक्षूंनी शतकानुशतकं वस्ती केली. त्यांच्या विनयातही आजारपण सोडून लसूण खायला मनाई होती. म्हणजे ज्या खोऱ्यात आज कांद्याचे ढीग लागतात, त्या खोऱ्याच्या डोंगरातल्या पंगतीत लसणाला जागा नव्हती.

शेतात राबणाऱ्यांनी हे नियम किती पाळले असतील, याची नोंद शिलालेखांत सापडत नाही. संतपरंपरेत मात्र उत्तर मिळतं. अरणच्या सावता माळ्यांनी तेराव्या शतकात आपल्या अभंगात मळ्यातला कांदा थेट विठाबाईच्या रूपात पाहिला. ग्रंथांनी गावाबाहेर ठेवलेल्या कांद्याला एका माळ्यानं देवाच्या जागी बसवलं, आणि मराठी मुलखातल्या कांद्याच्या इतिहासात याच्या तोडीची दुसरी गोष्ट नाही. धर्म आणि जीभ यांच्यातली तडजोड पुढे कांदेनवमीत दिसते. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागला की अनेक घरांत कांदा-लसूण बंद होतो, म्हणून त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांद्याची भजी, थालीपीठ, कांद्याची भाजी असा बेत पोटभर करून घ्यायचा. ज्या घरांत चार महिने कांदा बंद, त्याच घरांत त्याच्यासाठी पंचांगातली एक तिथी राखलेली.

वाटणातल्या बाकीच्या जिनसा कुठून कुठून आल्या, ते पाहिलं तर जुन्नरचा सगळा भूगोल समोर उभा राहतो. नारळ देशावर फारसा होत नाही. खोबरं यायचं ते कोकणातून, घाट चढून. नाणेघाट हा त्यातला सर्वांत नामांकित रस्ता. सातवाहनांनी तो राबता केला, तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा प्रदीर्घ लेख कोरला आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवला जातो. किनाऱ्यावर त्या काळी नारळाच्या बागा किती मोठ्या होत्या, हे नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखावरून कळतं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं नानंगोल गावातली ३२ हजार नारळाची झाडं दान दिल्याचं त्यात नोंदलं आहे. खुद्द जुन्नरच्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथं धान्याचे व्यापारी संघटित होते आणि दानधर्म करण्याइतके सधनही होते.

मिरची फार नंतरची. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि त्यांच्या जहाजांतून अमेरिकेतली मिरची इकडे आली. त्याआधीच्या रस्स्याला तिखटपणा द्यायला मिरी होती. म्हणजे शिवजन्माच्या वेळी, १६३० मध्ये, शिवनेरीच्या पायथ्याच्या घरांत मिरची हे तसं नव्यानंच रुळत चाललेलं तिखट असणार. आज ‘पारंपरिक’ म्हणून ज्या लालभडक तर्रीवर बोट ठेवलं जातं, तिच्यापेक्षा खालचं कांदा-खोबऱ्याचं वाटण अधिक जुन्या घडणीचं आहे.

कांदा मुबलक झाला तो पाण्यामुळे. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या धो-धो पावसाचा आणि भाताचा, पूर्व भाग मात्र पर्जन्यछायेत, बाजरी-मटकीचा. विहिरीवर मोट असे त्याच्याच मळ्यात कांद्याचे वाफे. कुकडी प्रकल्पानं हे चित्र पालटलं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं झाली आणि कालव्यांचं पाणी पूर्वेकडे खेळू लागलं. त्याची किंमतही मोजावी लागली. घोड नदीवरच्या डिंभे धरणात खुद्द आंबेगाव हे गाव बुडालं. तालुक्याचं नाव राहिलं, कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईत गिरणी कामगार असलेले, १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर ठाकलेले. ज्यांची घरं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली, त्यांच्या त्यागावर पूर्वेकडचा कांदा पिकतो, हे कांद्याचा इतिहास लिहिताना विसरून चालणार नाही.

पाणी आलं आणि कांद्याचे हंगाम वाढले. खरिपाचा कांदा, मागून येणारा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळी. पहिले दोन फार टिकत नाहीत, लगेच विकावे लागतात. उन्हाळी कांदा डिसेंबर-जानेवारीत लावायचा, मार्च ते मे दरम्यान काढायचा, पातीखाली झाकून शेतातच सुकवायचा, मग पात कापून, डेंगळे आणि जोड कांदे बाजूला काढून, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा करून चाळीत भरायचा. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी, साधारण चार फूट रुंदीची लांबलचक रचना. पूर्वी बांबू आणि उसाच्या पाचटाची, आता लोखंडी जाळीची. चाळीतला कांदा दिवाळीपर्यंत टिकवता येतो, आणि भावासाठी थांबण्याची थोडीफार ताकद शेतकऱ्याला त्यातूनच मिळते. शेजारच्या राजगुरुनगरला १९९८ मध्ये कांदा-लसूण संशोधन केंद्र आलं. १९९४ साली ते नाशिकला सुरू झालं होतं. ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’ अशा जाती तिथल्याच.

भावाचं दुखणं मात्र संशोधनानं सुटलं नाही. चाकणच्या कांदा बाजारातल्या दरानं पोळलेल्या शेतकऱ्यांना घेऊन शरद जोशींनी १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी केली, ती याच भागात. आंबेठाणला त्यांची शेती होती. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस शिवनेरीच्या पायथ्यापासून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा निघाला. बंदी उठायला मे २०२४ उजाडला. तोवर अनेकांचा कांदा मातीमोल गेला होता. शहरात दोन महिने कांदा महागला की ओरड होते आणि लगेच आयात-निर्यातीची चक्रं फिरतात. तोच कांदा रस्त्यावर ओतायची वेळ येते तेव्हा तेवढी घाई कोणी करत नाही. हा अन्याय आहे, आणि तो वर्षानुवर्षं चालू आहे.

तिकडे जगात कांद्याच्या सुपानं मात्र आधीच वेगळं वळण घेतलं होतं. पॅरिसच्या ‘ले आल’ या मंडईत हमालांना आणि रात्रपाळीच्या माणसांना ऊब देणारं कांद्याचं सूप विसाव्या शतकात अमेरिकेत पाकिटात जाऊन बसलं. लिप्टन कंपनीनं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुकवलेल्या कांद्याचं सूपमिश्रण बाजारात आणलं आणि १९५४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात कोणीतरी ते आंबट सायीत कालवून ‘डिप’ केलं. आज कांदा सुकवण्याचे मोठे कारखाने गुजरातेत महुव्याला आणि आपल्याकडे जळगावला आहेत. तिथला कांदा जगभरच्या पाकिटांत जातो. जुन्नर-आंबेगावचा कांदा बहुतांशी ताजाच विकला जातो, आणि प्रक्रियेचा नफा दुसरीकडे राहतो.

मासवडीचा रस्सा अजून पाकिटात गेलेला नाही. पण पाटा गेला, मिक्सर आला. निखाऱ्यांची जागा गॅसवरच्या जाळीनं घेतली. यात हळहळण्यासारखं फारसं नाही. घोटण्या-थापण्यानं ज्यांचे खांदे भरून येत, त्यांना विचारलं तर त्या मिक्सरचीच बाजू घेतील. काळजी वेगळी आहे. रस्त्यावरच्या काही हॉटेलांत रस्स्याला दाटपणा यायला आता काजूची पेस्ट पडते, रंगासाठी तयार मसाला पडतो आणि कांदा भाजण्याऐवजी तेलात तळून भागवतात. चव बिघडते ती इथं.

सामुदायिक जेवणांत जुनी रीत अजून टिकून आहे. जुन्नरच्या पूर्व टोकाला, कल्याण-नगर रस्त्यावरच्या आणे गावात रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. आमटी मोठाल्या कढयांत एकत्र शिजते, भाकऱ्या घराघरांतून येतात आणि हजारो माणसं एका पंगतीला बसतात. पठारावरच्या कोरडवाहू गावानं राखलेली ही पंगत कुठल्याही पंचतारांकित मेजवानीपेक्षा मोठी आहे.

मराठीत पाककृतींची छापील पुस्तकं १८७५ मधल्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’पासून निघत आहेत, पण मासवडीचं खरं माप अजूनही बायकांच्या हातात आहे: किती कांद्याला किती खोबरं, बेसन कुठल्या क्षणी उतरवायचं, रस्स्याला काळा मसाला किती. मंचरपासून ओतूरपर्यंत हे माप गावागणिक बदलतं. ज्यांच्या घरी आजी, आत्या, मावशी अजून फडक्यावर मासवडी थापतात, त्यांनी पुढच्या वेळी वही घेऊन शेजारी बसावं, माप लिहून घ्यावं आणि त्याखाली त्या बाईचं नाव आणि गाव न विसरता लिहावं.