दुचाकीस्वाराचा कान

वाहनांचा इतिहास सांगताना इंजिनं, कारखाने आणि रस्ते येतात. आज जरा वेगळ्या जागेकडे बघू: दुचाकी चालवणाऱ्याच्या कानाकडे. हँडलवर लावलेल्या मोबाइलची गोष्ट खरं तर तिथेच घडली.

मोटारीत रेडिओ 1930 च्या सुमारास आला. कॅसेटच्या काळात आपल्याकडचे ट्रक आणि रिक्षासुद्धा गात होते. दुचाकी मात्र मुकीच राहिली. छप्पर नाही, वारा फार, आणि डेक ठेवायचा कुठे? शिवाय कानाला दुसरं काम होतं. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेलं असायचं, ते काही नुसती सजावट म्हणून नव्हे. आरसे नसलेल्या किंवा आत वळवून ठेवलेल्या त्या वाहतुकीत मागून कोण येतंय हे ऐकूनच कळायचं.

वाटही कानानेच कळायची. सर्व्हे ऑफ इंडिया 1767 पासून देश मोजत आली, पण तिचे नकाशे सामान्य माणसाच्या खिशात नव्हते. सीमेजवळच्या आणि किनारपट्टीच्या भागांचे तर सहज मिळतही नसत. पुढे शहरांचे छापील नकाशे दुकानांत आले. पण दोन्ही हात हँडलवर असताना नकाशा उघडणार कोण? त्यापेक्षा पानटपरीपाशी एक पाय टेकून विचारणं सोपं. सोलापूरहून हैदराबादला निघालेल्या माणसाला वाटेत लिपी बदलल्याचं दिसे. मग ‘भैया, ये रास्ता किधर जाता है?’ एवढ्या हिंदीवर काम भागे. उत्तरात रस्त्याचं नाव क्वचितच असे. मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, पेट्रोल पंप, मग डावीकडे.

जीपीएस या उत्तरापासून फार लांब होतं. अमेरिकन लष्कराने उभारलेल्या या यंत्रणेत नागरी वापरासाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे, सुमारे 100 मीटरपर्यंत. चांदणी चौकात 100 मीटरमध्ये किती गल्ल्या मावतात ते आठवा. मे 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही चूक काढली गेली. आता जागा कळू लागली, पण त्या जागेखाली अंथरायला नकाशा कुठे होता?

तो भरला सामान्य लोकांनी. ललितेश कट्रगड्डा आणि त्यांच्या भारतातल्या सहकाऱ्यांनी घडवलेलं गूगलचं ‘मॅप मेकर’ 2008 मध्ये आलं, आणि माणसं आपापल्या गावचे रस्ते, देवळं, शाळा स्वतः नोंदवू लागली. टपरीवरचं ज्ञानच नकाशावर चढलं म्हणा ना. 2013 मध्ये गूगलने त्यासाठी ‘मॅपॅथॉन’ भरवली, तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाने हरकत घेतली आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. सुरक्षेची चिंता खोटी नव्हती. पण स्वतःच्या गल्लीचा नकाशा काढायला परवानगी कोणाची, हा प्रश्नही खोटा नव्हता. खासगी नकाशांवरची बंधनं मोठ्या प्रमाणात सैल व्हायला फेब्रुवारी 2021 उजाडलं.

डिसेंबर 2017 मध्ये गूगल मॅप्सने दुचाकीसाठी वेगळी सोय केली, जगात सर्वप्रथम भारतात. मोटार जाऊ शकत नाही असे जवळचे रस्ते त्यात होते. आणि वाटेवरच्या खुणा ठळक दाखवल्या होत्या, म्हणजे निघण्याआधी वाट मनात बसावी, सारखं फोनकडे बघायला लागू नये. मला हा क्षण महत्त्वाचा वाटतो: ‘देवळापासून डावीकडे’ ही रीत यंत्राला मान्य करावी लागली.

गाणी याच फोनमधून आली. 1979 च्या वॉकमनने कानात गाणं घातलं होतं, पण तो वाट सांगत नव्हता. फोन गाणं हळू करतो, वळण सांगतो, पुन्हा गाणं चढवतो. करमणूक आणि मार्गदर्शन एकाच तारेत आलं, आणि हॉर्नसाठीची जागा गेली.

कायद्याने काय केलं? 2019 च्या दुरुस्तीने चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात घातलं, दंड 1000 ते 5000 रुपये किंवा कैद. ऑक्टोबर 2020 पासून नियमात सवलत आली: केवळ वाट पाहण्यासाठी उपकरण चालेल, लक्ष विचलित होता कामा नये. या वाक्यात हात आहे, लक्ष आहे. कानाचा उल्लेख नाही. इअरफोनवर अनेक शहरांत पोलीस दंड करतात, तो भाग निराळा.

कंपन्यांनी डोळ्यांची बाजू सांभाळली. रॉयल एनफील्डच्या 2020 च्या मीटिऑरवर ‘ट्रिपर’ ही छोटी गोल तबकडी आली. तिच्यावर वळणाचा बाण दिसतो. चांगली कल्पना, पण ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी. हेल्मेटमध्ये बसणारा ब्लूटूथ संचही तसाच. बाकीचे फोन हेल्मेट आणि गालाच्या मध्ये खुपसतात.

जेवण पोचवणाऱ्या मुलांचा फोन म्हणजे त्यांची नोकरीच. पत्ता, वाट, ग्राहकाचा कॉल, सगळं त्यातच. यांच्यातले बरेच जण इअरफोनची एकच बाजू घालतात. दुसरा कान मागून येणाऱ्या बससाठी मोकळा ठेवतात.