दोन घड्याळं, एक लाइन

वाडे, गणपती, पोहे यांच्या आठवणी इथे पुष्कळ आल्या. मी घड्याळाची सांगतो.

आमचे आजोबा १९३० नंतर मुंबई सोडून इंदूरला आले, रामबागेत बिऱ्हाड केलं. ते सांगायचे, "मुंबईत दोन टाइम असायचे रे!" १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाण वेळ आली, रेल्वे त्या वेळेने चालायची. पण शहराने आपला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत धरून ठेवला. तो ३९ मिनिटं मागे. घरचं घड्याळ बघून निघालेल्या नवख्याची गाडी चुकायचीच. बिघडलेलं कुठलंच घड्याळ नसायचं, फक्त दोघांचं जुळत नसे.

आम्ही हसायचो. त्याचा अर्थ मला १९९९ मध्ये कळला, तोही दुसऱ्याला त्रास देऊन.

तेव्हा मी डेटा लाइनच्या कामात होतो. इंदूर-भोपाळ एक ई-वन सर्किट होतं. ई-वन म्हणजे सेकंदाला ८००० फ्रेम, प्रत्येकीत ३२ खाने, खान्यात ८ बिट. लाइन बंद पडत नव्हती, पण एरर येत राहायचे. पावसाळा होता. मी ठरवून टाकलं, जॉइंटमध्ये पाणी शिरलंय. केबल जॉइंटर काकांनी भर पावसात दोनदा खड्डा उघडला. म्हणाले, "साहब, जोड़ पक्का है।" मी ऐकलं नाही. माझ्या रिपोर्टवरून त्यांना मेमो मिळाला.

मग एका रात्री एररच्या वेळा कागदावर मांडल्या. दर दोन मिनिटांच्या आसपास एक, पाऊस असो नसो. भिजलेला जॉइंट असा घड्याळ लावून त्रास देत नाही!

सेटिंग बघितली. दोन्ही टोकांना क्लॉक 'इंटर्नल', आणि इंदूरची मीच केलेली. दोघं आपापल्या घड्याळाने चालत होते. फरक दहा लाखांत एक एवढाच. पण एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे १२५ सेकंदांत अख्ख्या फ्रेमचं अंतर पडतं. बफर भरून वाहतो, एक फ्रेम टाकून द्यावी लागते. यालाच आम्ही 'स्लिप' म्हणतो. भोपाळचं क्लॉक मुख्य ठेवलं, इंदूरला 'लाइन' केलं, म्हणजे येणाऱ्या बिटांवरूनच वेळ घ्यायची. (दोन्हीकडे 'लाइन' केलं तरी चुकतंच, मग धनी कोणीच नाही.) एरर थांबले.

सकाळी साहेबांना चूक लिहून दिली. मेमो मागे घेतला गेला. काकांच्या घरी गेलो, माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, म्हणाले, "भिया, पहले पूछ लेते।" बस, एवढंच.

आजोबा असते तर त्यांना सगळं सांगितलं असतं. तुमच्या घरी कोणी बॉम्बे टाइम पाहिलेलं होतं का? जरूर लिहा.