पाटीशेजारची पोथी

टॅब्लेटच्या पडद्याचे दोन भाग केलेले असतात. डाव्या भागात पायथॉन भाषेची अधिकृत माहितीपुस्तिका उघडलेली. उजव्या भागात कन्सोल, म्हणजे आपण एक ओळ लिहायची आणि यंत्राने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे, ती जागा. शिकणारा डावीकडे एक वाक्य वाचतो, उजवीकडे ते करून पाहतो आणि चुकले की नजर पुन्हा डावीकडे वळवतो. ज्याच्याजवळ संगणक नाही, वर्ग नाही, विचारायला माणूस नाही, त्याच्यासाठी ही दुभागलेली पाटी हीच शाळा असते.

मांडणी इतकी साधी आहे की तिला काही इतिहास असेल असे मनातही येत नाही. पण शेजारी-शेजारी दोन पडदे ही कल्पना १९४५ साली कागदावर आली आणि हातात धरायच्या यंत्रावर ती रुळायला २०१५ उजाडले. मधली सत्तर वर्षे केवळ तांत्रिक अडचणींत गेली नाहीत. यंत्र हाती धरणारा माणूस नुसता वाचक आहे की कर्ताही आहे, या प्रश्नाचे उत्तर या काळात अनेकदा बदलले आणि त्या उत्तराप्रमाणे पडद्यावरची जागा वाटली गेली. त्या वाटणीचा हा शोध.

मूळ मध्ये, टीका भोवती

शेजारी ठेवून वाचण्याची गरज संगणकाहून फार जुनी आहे. आपल्याकडच्या संस्कृत हस्तलिखितांत त्रिपाठ आणि पंचपाठ अशा दोन मांडण्या आढळतात. त्रिपाठात मूळ ग्रंथ पानाच्या मधल्या पट्ट्यात, बहुधा ठळक अक्षरांत, आणि त्याच्या वर व खाली टीका. पंचपाठात टीका डाव्या-उजव्या समासांतही उतरते. पोथीची पाने सुटी असतात. मूळ एका पानावर आणि त्याचा अर्थ दहा पाने पुढे असेल, तर वाचणाऱ्याचा एक हात सतत त्या दहाव्या पानात अडकून राहणार. लेखनिकांनी ही अडचण ओळखली आणि पानाच्या रचनेतच ती सोडवली.

मात्र या पोथीचा विद्यार्थी मूळ संहितेत बदल करीत नव्हता. त्याने ती समजून घ्यायची होती. कन्सोलपुढे बसलेल्याचे तसे नाही. त्याच्या पानाच्या मध्यभागी जे लिहिले जाते ते त्याचे स्वतःचे असते, कच्चे असते आणि क्षणाक्षणाला चुकते. त्याला टीका हवी असते ती स्वतःच्या कृतीच्या शेजारी.

मेजावरचे दोन पडदे

जुलै १९४५ च्या ‘अटलांटिक मंथली’ मासिकात अमेरिकी अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक मेजाचे वर्णन केले. त्यात सूक्ष्मपटावर पुस्तके साठवलेली असणार होती आणि वरच्या तिरक्या पडद्यांवर ती दिसणार होती. एक नोंद पडद्यावर तशीच ठेवून शेजारी दुसरी मागवायची, समासात आपली टिपणे लिहायची आणि दोन्ही नोंदींना कायमचे जोडून टाकायचे, असा त्यांचा बेत होता. मेमेक्स कधी बनला नाही. पण दुसरे महायुद्ध संपता संपता फिलिपिन्समध्ये नौदलाचा रडार-तंत्रज्ञ म्हणून गेलेल्या डग्लस एंगलबार्ट या तरुणाच्या हाती तो लेख पडला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याच एंगलबार्ट यांनी सुमारे नव्वद मिनिटांचे जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात माऊस होता, एकमेकांना जोडलेला मजकूर होता आणि वेगवेगळ्या भागांत विभागलेला पडदाही होता.

त्या काळात बहुसंख्य प्रोग्रामरांपुढे मात्र पडदा नव्हताच, टेलिटाइप होता. टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला दहा अक्षरे छापत असे. दोन हजार अक्षरांचे एक पान मागवले, तर तीन मिनिटांहून अधिक वेळ नुसती खडखड ऐकत बसावे लागे. शिवाय काम आणि माहिती एकाच गुंडाळीवर उतरणार, म्हणजे शेजारी नव्हे, एकाखाली एक. म्हणून पुस्तिका यंत्राबाहेर, मेजावरच राहिली.

बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तयार केलेल्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिची घडण पाहण्याजोगी आहे. प्रत्येक आदेशाला ठरावीक रकाने: नाव, वापराचा नमुना, वर्णन, संबंधित इतर आदेश आणि ‘बग्ज’, म्हणजे त्या आदेशातले माहीत असलेले दोष. आपल्या उणिवा स्वतःच छापणारी ही पुस्तिका वाचणाऱ्याला गिऱ्हाईक समजत नव्हती, सहकारी समजत होती. पुढे हीच पाने ‘मॅन’ या आदेशाने यंत्रातच वाचता येऊ लागली.

काचेचे पडदे आल्यावर खरी वाटणी सुरू झाली. १९७६ च्या सुमारास एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील आणि इतरांच्या हातून ईमॅक्स हा संपादक आकाराला आला. ‘स्वतःची माहिती स्वतः सांगणारा’ अशीच त्याची ओळख करून दिली जाई. पडदा दुभागून एका भागात काम आणि दुसऱ्या भागात त्या कामाची माहिती, हे त्यात करता येत असे. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० या लोकप्रिय टर्मिनलवर एकूण चोवीसच ओळी मावत. दुभागले की प्रत्येक बाजूला जेमतेम अकरा-बारा. तरीही लोक दुभागत.

या सवयीचा एक माग आजच्या नियमांतही सापडतो. पायथॉनमध्ये प्रोग्राम कसा लिहावा याचा संकेत २००१ साली ‘पेप ८’ या नावाने नोंदला गेला. ओळ ७९ अक्षरांपेक्षा लांब नसावी, असे तो सांगतो. ऐंशीचा आकडा आयबीएमच्या ऐंशी स्तंभांच्या पंचकार्डाकडून वारशाने आला, हे खरे. पण पेप ८ कारण देतो ते वेगळे: ओळी आखूड असल्या की अनेक फायली शेजारी-शेजारी उघडून ठेवता येतात.

गवतावरची दोन मुले

टॅब्लेटची कल्पना मुळात कोणासाठी निघाली, हे पाहण्यासाठी १९७२ सालाकडे जावे लागते. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन के यांनी त्या वर्षी ‘सर्व वयांच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक’ अशा आशयाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. त्यातल्या यंत्राचे नाव डायनाबुक. ते वहीहून मोठे नसावे, वजन चार पौंडांच्या आत असावे, पडद्यावर किमान चार हजार अक्षरे पुस्तकाइतकी स्वच्छ दिसावीत, अशा अटी त्यांनी घातल्या होत्या.

निबंधाच्या सुरुवातीला नऊ वर्षांची दोन मुले बागेतल्या गवतावर पडून आपापल्या डायनाबुकवर अंतराळयुद्धाचा खेळ खेळत आहेत. खेळता खेळता त्यांच्या डोक्यात येते की या खेळात सूर्य असायला हवा आणि त्याने यानांना ओढायला हवे. मग ती गुरुत्वाकर्षणाविषयी शोधू लागतात, आणि ज्यावर वाचायचे त्याच यंत्रावर खेळाचा प्रोग्राम बदलायचा असतो. वाचणे आणि करणे यांच्यात इथे भिंतच नाही. टॅब्लेट जन्माला आला, कागदावर का होईना, तो असा.

बंद झालेली दोन दारे

२७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या रंगमंचावर स्टीव्ह जॉब्स यांनी आरामखुर्चीत बसून आयपॅड दाखवला. आकाराने आणि वजनाने ही डायनाबुकचीच आठवण होती. लेखनाची आणि हिशेबाची ॲप्सही त्याच दिवशी दाखवली गेली. पण खुर्चीने सांगायचे ते सांगितले होते. हे यंत्र रेलून पाहण्याचे, वाचण्याचे, ऐकण्याचे होते.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने दोन दारे बंद होती. पहिले, पडद्यावर एका वेळी एकच ॲप. याला तांत्रिक कारणे होती. स्मृती तोकडी आणि बॅटरी जपायची. आडव्या धरलेल्या पडद्याच्या रुंदीत १०२४ ठिपके. त्यात ऐंशी अक्षरांची एक ओळ बसवली तर अक्षराला जेमतेम तेरा ठिपके मिळतात. पडदा दुभागला तर सहाच. त्यात पडद्यावरचा कीबोर्ड वर आला की जवळजवळ निम्मी उंची गेली.

दुसरे दार तंत्राचे नव्हते, नियमाचे होते. ॲपलच्या विकासक-करारात तेव्हा असे कलम होते की बाहेरून आणलेला प्रोग्राम ॲपने स्वतःच्या दुभाष्यामार्फत चालवू नये. एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे आयपॅड विक्रीला आला त्याच महिन्यात, मुलांनी ‘स्क्रॅच’मध्ये बनवलेले प्रकल्प दाखवणारे एक ॲप दुकानातून काढले गेले. स्क्रॅच ही एमआयटीतली मुलांची प्रोग्रामिंग भाषा. तिची पहिली आवृत्ती ‘स्क्वीक’मध्ये लिहिलेली होती. स्क्वीक हा स्मॉलटॉकचा वंशज आणि स्मॉलटॉक ही ॲलन के यांच्या चमूने डायनाबुकच्या स्वप्नासाठीच घडवलेली भाषा. पूर्वजाने ज्या यंत्राचे चित्र काढले, त्यासारखेच यंत्र प्रत्यक्षात आल्यावर वंशजाला त्याच्या दारातून परत फिरावे लागले. कलमामागे सुरक्षेचा विचार होता. तपासून घेतलेल्या ॲपने नंतर अनोळखी प्रोग्राम आणून चालवावा, ही भीती खोटी नव्हती. परंतु तो नियम चोराला आणि विद्यार्थ्याला एकाच मापाने मोजत होता.

दारे हळूहळू किलकिली झाली. सप्टेंबर २०१० मध्ये कलम सैल झाले. २०११ च्या अखेरीस आयपॅडवरच प्रोग्राम लिहिण्याचे ‘कोडिया’ हे ॲप आले, २०१२ मध्ये ‘पायथॉनिस्टा’. पायथॉनिस्टाने संपादक, कन्सोल आणि भाषेची पूर्ण पुस्तिका एकाच ॲपच्या पोटात घातली. पुस्तिका इंटरनेटविनाही वाचता येई. दोन ॲप्स शेजारी बसू शकत नाहीत, तर पोथीच पाटीच्या आत घ्यायची, अशी ही युक्ती होती.

२०१२ मध्येच सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट १०.१ वर निवडक ॲप्स आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेसवर दोन ॲप्स शेजारी-शेजारी दिसू लागली होती. आयपॅडवर ही सोय सप्टेंबर २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर आली, तीही सुरुवातीला नव्या, ताकदवान प्रतींवरच. पुढच्या वर्षी अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीने ती मुळातच दिली. आणि २०१७ मध्ये ॲपलने नियमात स्पष्ट सवलत घातली: शिकवण्यासाठी असलेल्या ॲपला मर्यादित प्रमाणात प्रोग्राम आणता येईल, मात्र तो वापरणाऱ्याला पूर्णपणे पाहता आणि बदलता आला पाहिजे. ही शेवटची अट वाचताना गवतावरची ती दोन मुले आठवतात.

पवईची बोलकी टीका

याच काळात आपल्याकडे पवईच्या आयआयटीत हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला जात होता. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने साधारण दहा-दहा मिनिटांच्या दृक्‌श्राव्य पाठांची मालिका तयार केली. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच राहतो आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. विद्यार्थ्याला स्पष्ट सूचना असते की पाठाची खिडकी एका बाजूला आणि सॉफ्टवेअरची दुसऱ्या बाजूला ठेवायची, पाठ थांबवायचा, करून पाहायचे आणि मगच पुढे जायचे. मूळ एका भाषेत आणि टीका आपल्या भाषेत, ही पोथीची जुनी वाटणीच इथे नव्याने आली.

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट जाहीर झाला आणि पुढे त्या प्रकल्पाचे काम आयआयटी मुंबईकडे आले. तिथल्या चमूने त्यावर सी, सी प्लस प्लस, पायथॉन आणि सायलॅब चालवण्याची सोय केली. विद्यार्थ्याला कर्ता मानण्यात कुठेही कुचराई नव्हती. अडचण पडद्याची होती. पहिल्या आकाशचा पडदा सात इंची, ८०० बाय ४८० ठिपक्यांचा. तो दुभागला तर पुस्तिकाही वाचवत नाही आणि कन्सोलही. परवडणारे यंत्र आणि पुरेसा पडदा यांतले हे अंतर आजही भरलेले नाही. आपल्याकडे आज कितीतरी घरांत मुलाच्या हाती असते ते शिकण्याचे एकमेव यंत्र याहूनही लहान, म्हणजे फोन.

शेजार कशाचा

शेजारी ठेवले की शिकणे सोपे होतेच, असेही नाही. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि पॉल चँडलर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की पुस्तिका आणि यंत्र यांच्यात लक्ष सतत फाटत राहिले तर मनावरचा भार वाढतो. गुंतागुंतीचा विषय असेल, तर यंत्राला हात न लावता नीट रचलेली पुस्तिका आधी वाचणाऱ्यांना अधिक चांगले समजले, असे त्यांच्या काही प्रयोगांत आढळले. उलट आयबीएममध्ये शिकाऊ लोकांचे निरीक्षण करणाऱ्या जॉन कॅरोल यांना दिसले की माणसे पुस्तिका वाचत बसत नाहीत, थेट कामाला लागतात आणि अडल्यावरच पान शोधतात. म्हणून पुस्तिका आखूड असावी आणि चूक कशी सुधारायची हे तिने सांगावे, असा आग्रह त्यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात धरला.

दोघांचे म्हणणे परस्परविरोधी वाटते, पण त्यांतून निघते ते एकच. कधी आधी वाचायचे आणि कधी वाचता वाचता करायचे, हे विषयावर आणि शिकणाऱ्यावर अवलंबून आहे. म्हणून ते ठरवण्याचा अधिकार शिकणाऱ्याकडे असावा. पाच वर्षे आयपॅडवर नव्हता तो हाच अधिकार, आणि सात इंची पडद्यावर तो आजही कागदोपत्रीच आहे.

आता त्या शेजारच्या जागेवर नवा दावेदार आला आहे. पुस्तिकेऐवजी तिथे प्रश्नाला तयार उत्तर देणारे संवादयंत्र उघडलेले दिसते. त्याची मदत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की १९७१ च्या त्या पुस्तिकेत प्रत्येक आदेशाखाली त्याचे दोष छापलेले होते आणि वाचणारा ते स्वतः चालवून पडताळू शकत होता. संवादयंत्राचे उत्तर बिनचूक असल्याच्या थाटात येते आणि त्याच्या तळाशी ‘बग्ज’चा रकाना नसतो. तो रकाना भरण्याचे काम अजून उजव्या बाजूलाच, कन्सोलमध्ये, स्वतःच्या हाताने करावे लागते.