अक्षतंतूंचे मार्गदर्शन (सूत्रकृमीतील)

अक्षतंतूंचे मार्गदर्शन : वाढत्या चेतापेशीतून फुटलेला लांब धागा, म्हणजे अक्षतंतू, नेमक्या ठिकाणी पोचावा यासाठी जनुकांकडून होणारे नियमन. त्याची मूलभूत जनुके सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीत सापडली.  हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब, पारदर्शक, कुजक्या फळादेठांत राहणारा. उभयलिंगी प्रौढात चेतापेशी मोजून ३०२.

निरोगी कृमी बशीतल्या जीवाणूंच्या थरावर नागमोडी रेघ ओढत सरकतो. काहींची चाल मात्र जनुकीय बिघाडामुळे विसकटते. अशा जनुकांना ‘अन्क’ म्हणतात. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये त्यांची मोठी यादीच प्रसिद्ध केली. त्यांपैकी अन्क-५, अन्क-६ आणि अन्क-४० यांच्या बिघाडात अक्षतंतूच वाट चुकतात, हे हेजकॉक, कुलोटी आणि हॉल यांनी १९९० मध्ये दाखवले.

अन्क-६ चे प्रथिन पोटाच्या बाजूला पाझरते. पाठीकडे जावे तसे ते विरळ होते. अक्षतंतूच्या टोकाशी असलेला चपटा, बोटे फुटल्यासारखा वृद्धिशंकू ही चढउतार चाचपत पुढे सरकतो. त्याच्यावर फक्त अन्क-४० हा ग्राही असेल, तर तंतू पोटाकडे ओढला जातो. अन्क-५ असेल, तर तो पाठीकडे पळतो. पाठीच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या कित्येक पेशी पोटाशीच असतात. त्यांचे तंतू वर चढले नाहीत की चाल बिघडते. स्पर्श ओळखणाऱ्या पेशींत अन्क-५ मुद्दाम घातल्यावर त्यांचे तंतूही पाठीकडे वळले (१९९३). या विषयातला इतका स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

१९९४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या मेंदूत अन्क-६ चे भाईबंद सापडले. त्यांचे ‘नेट्रिन’ हे नाव संस्कृत ‘नेतृ’वरून, म्हणजे नेणारा यावरून ठेवले आहे. अन्क-४० शी जुळणारे मानवी जनुक बिघडल्यास एक हात हलवताना दुसराही आपोआप हलू शकतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा याच कृमीत अक्षतंतूंमधून होणाऱ्या मालवाहतुकीचा अभ्यास करते. अंड्यापासून प्रौढ व्हायला कृमीला सुमारे तीन दिवस लागतात. अगारची बशी, जीवाणू आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर तो पाळता येतो. भंडारा, तुमसर, साकोलीच्या महाविद्यालयांनी तो जरूर पाळून पाहावा.