साक्रोमोंतेच्या गुहा आणि ‘घर’ या शब्दाची साक्ष

स्पेनमधील ग्रानादा शहराच्या कडेला, दार्रो नदीच्या खोऱ्यावर, साक्रोमोंते नावाची टेकडी आहे. समोरच्या उंचवट्यावर आल्हांब्राचा राजवाडा आणि अलीकडच्या उतारात माणसांनी खोदून केलेली घरे, अशी ही रचना. त्यांपैकी काही घरांचे मिळून आता तेथे संग्रहालय झाले आहे. निजावयाची खोली, स्वयंपाकघर, तबेला, माग, बुरूडकाम, लोहाराची भट्टी असे एकेका गुहेत दाखविले आहे.

लेणी पाहण्याची सवय असलेल्या मराठी माणसाने येथे एक भेद प्रथम लक्षात घ्यावा. आपली लेणी कठीण काळ्या पाषाणात कोरली गेली. त्यामागे श्रेणींची व धनिकांची दाने होती. साक्रोमोंतेची टेकडी गोटे, वाळू व माती यांच्या घट्ट थराची आहे. एका कुटुंबाने कुदळ घेऊन काम केले तर घर होते. प्रथम उतार उभा तासून दर्शनी भिंत करावयाची, मग दाराच्या वाटेने आत शिरावयाचे. छत सपाट ठेवल्यास ते तग धरीत नाही, म्हणून खोल्यांना कमानीचा आकार येतो. आतल्या खोल्यांस खिडकी नसते. त्यामुळे भिंतींवर चुन्याचे थरावर थर, प्रकाशासाठीही आणि स्वच्छतेसाठीही. मातीच्या जाडीमुळे उन्हाळ्यात व हिवाळ्यात आतील हवा जवळजवळ सारखीच राहते. घरात माणसे वाढली की आणखी एक खोली आत खोदावयाची. मात्र जो मऊपणा कुदळीला सोयीचा, तोच पावसालाही. १९६३ च्या अतिवृष्टीत अनेक गुहा ढासळल्या, आणि बहुसंख्य रहिवाशांना टेकडी सोडून शहराच्या कडेच्या तात्पुरत्या वस्त्यांत जावे लागले. चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेल्या, नीटनेटक्या खोल्यांतून हिंडताना या घटनेचा विसर पडू नये, एवढे तरी प्रेक्षकाने पाहिले पाहिजे.

या गुहा प्रथम कोणी खोदल्या? संग्रहालय ज्या ओढ्याच्या बाजूला आहे, त्याला ‘काळ्यांचा ओढा’ असे नाव आहे. दंतकथा अशी की, १४९२ मध्ये ग्रानादा पडल्यानंतर मुसलमान सरदारांनी जाताना आपली संपत्ती या टेकडीत पुरली. त्यांच्या मुक्त झालेल्या काळ्या गुलामांनी ती शोधण्यासाठी खड्डे खणले आणि धन न मिळाल्यामुळे त्याच खड्ड्यांत वस्ती केली. कथा गोड आहे, पण तिच्यावर इतिहास उभा करता येणार नाही. गावाबाहेरच्या, कर नसलेल्या जमिनीवर, शहरातून हुसकलेल्या निरनिराळ्या गरीब समाजांनी आळीपाळीने आश्रय घेतला असावा, एवढेच म्हणणे सुरक्षित होय. पुढे ही टेकडी मुख्यतः हितानो, म्हणजे स्पेनमधील रोमा समाजाची वस्ती म्हणून प्रसिद्ध पावली.

टेकडीचे नाव मात्र गुहांवरून पडलेले नाही. १५९५ ते १५९९ या काळात येथे अरबी मजकूर कोरलेल्या शिशाच्या चकत्या सापडल्या. अरबांनीच या देशात आरंभीचा ख्रिस्ती धर्म आणला असे त्यांवरून सिद्ध होत होते. अरबी बोलणाऱ्यांना बाटगे व परके ठरवून हाकलण्याची भाषा ज्या काळात चालू होती, त्या काळात हा पुरावा फारच सोयीचा होता. तो बनावट होता. १६८२ मध्ये पोपने या चकत्यांचा निषेध केला. तत्पूर्वीच, १६०९ ते १६१४ या काळात, मोरिस्कोंना स्पेनबाहेर घालविण्यात आले होते. तरीही टेकडी ‘पवित्र पर्वत’ राहिली, ती आजतागायत.

आपले मूळ सिद्ध करण्यासाठी एका समाजातील कोणी शिशावर खोटा मजकूर कोरला. त्याच टेकडीवर पुढे राहावयास आलेल्या दुसऱ्या समाजाजवळ मुळाचा खरा पुरावा होता, परंतु तो तोंडात होता. आणि तो ऐकून घेण्यास कोणी तयार नव्हते. १६३३ च्या राजाज्ञेने हितानोंची भाषा व वेष यांवर बंदी घातली, आणि हे लोक वंशाने वा प्रकृतीने वेगळे नसून वाईट हेतूने त्यांनी ही राहणी पत्करली आहे, असे ठरविले. १७४९ मध्ये तर देशभर त्यांची धरपकड झाली. १७८३ च्या तिसऱ्या कार्लोसच्या कायद्याने काही निर्बंध उठविले. पण ‘वंशाने वेगळे नाहीत’ हा सिद्धान्त पुन्हा उच्चारला आणि भाषेवरील बंदी कायम ठेवली. योगायोग असा की, १७८२ मध्ये र्‍युडिगर व १७८३ मध्ये ग्रेलमान या जर्मन अभ्यासकांचे लेखन प्रसिद्ध झाले, आणि रोमानी ही भारतीय आर्य कुळातील भाषा आहे हे युरोपास कळले. ज्या वर्षी माद्रिदचा कायदा या लोकांना मूळच नाही म्हणत होता, त्याच वर्षी त्यांच्या मुळाची चर्चा छापली जात होती.

साक्रोमोंतेच्या हितानोंची भाषा ‘कालो’ म्हणून ओळखली जाते. तिचे व्याकरण स्पॅनिश बनले आहे. शब्द मात्र पुष्कळसे रोमानी. गुहेच्या चुलीजवळ उभे राहून मी ते मनाशी जुळवून पाहू लागलो. घराला रोमानीत ‘खेर’, कालोत ‘केर’. भारतीय सघोष महाप्राण व्यंजने युरोपीय रोमानीत अघोष होतात, त्यामुळे प्राकृत ‘घर’ ‘खेर’ झाले; पुढे स्पॅनिशच्या सहवासात महाप्राणही गेला. पाण्याला ‘पान्यी’. भाकरीला ‘मान्रो’, म्हणजे संस्कृत ‘मण्डक’, आपला मांडा. स्पॅनिशमध्ये सर्रास वापरला जाणारा ‘चावाल’ (मुलगा) हा शब्दही कालोतूनच आला. रोमानी ‘छावो’ आणि मराठी ‘छावा’ हे सख्खे भाऊ आहेत.

भट्टीच्या गुहेत हा हिशेब अधिक बोलका होतो. रोमानीत लोखंड ‘सास्तेर’ (संस्कृत ‘शस्त्र’) आणि चांदी ‘रुप’ (आपले ‘रुपे’). परंतु घोड्याचा नाल, खिळा आणि तांबे यांचे शब्द ग्रीक आहेत. सात, आठ, नऊ हे अंकही ग्रीकच. म्हणजे बायझंटाइन प्रदेशात या लोकांचा मुक्काम दीर्घ असला पाहिजे, आणि धातुकामाच्या परिभाषेत तेथे मोठी भर पडली असली पाहिजे. साक्रोमोंतेच्या भिंतींवर टांगलेली तांब्याची चकचकीत भांडी पाहताना हे आठवणे मला आवश्यक वाटले.

येथे एक सावधगिरीची सूचना. ‘छावा’ व ‘मांडा’ पाहून या लोकांचे मूळ महाराष्ट्रात शोधण्याचा मोह आपल्याकडील हौशी लेखकांना होतो. हे शब्द प्राकृताच्या सामाईक वारशातले आहेत. त्यांवरून मराठीशी खास नाते सिद्ध होत नाही. १९२६ मध्ये टर्नर यांनी रोमानीचा आरंभ मध्यदेशीय गटात व पुढचा मुक्काम वायव्येस दाखविला, तो ध्वनिपरिवर्तनांच्या क्रमावरून. मराठीच्या विकासाचा इतिहास लिहिणाऱ्या झ्यूल ब्लोक यांनी १९५३ मध्ये रोमा लोकांवरही एक छोटे पुस्तक लिहिले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते.

संग्रहालयात माग आहे, टोपल्या आहेत, ऐरण आहे. राहणारी माणसे १९६३ नंतर पांगली, आणि ‘केर’ हा शब्द ज्या घराला लावला जात होता त्याच्या दाराशी आज तिकीट घ्यावे लागते. परतीच्या वाटेवर उतारावर खेळणाऱ्या मुलांना कोणीतरी हाक मारीत होते. त्या हाकेत ‘चावाल’ स्पष्ट ऐकू आले.